बोटांखालून जाणारी मराठी

'किती' हा शब्द म्हणताना क आधी येतो, इ मागून. कागदावर मात्र वेलांटी क च्या आधी उभी असते, आणि लगेच पुढच्या 'ती'मध्ये ती अक्षराच्या मागे जाते. 'सूर्य'मधला र उच्चारात य च्या अगोदर आहे. लिहिताना तो य च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'प्रकाश'मध्ये तोच र प ला खालून जोडलेली तिरकी रेघ होतो, 'ट्रक'मध्ये ट च्या पायाखाली जातो, 'वाऱ्यावर'मध्ये य ला चिकटलेली आडवी कोर होतो. एका अक्षराची ही सगळी सोंगं सात-आठ वर्षांच्या मुलाने ओळखावीत अशी आपली अपेक्षा असते. बहुतेक मुलं ती ओळखतात, याचं मला अजूनही नवल वाटतं. जी ओळखत नाहीत, किंवा ज्यांना कागदच दिसत नाही, त्यांच्याकडे माझं जाणं असतं.

मी फिरती विशेष शिक्षिका. साताऱ्याच्या पूर्वेकडचा, माणदेशाकडचा कोरडा भाग. जिल्हा परिषदेच्या शाळा, वाड्यावस्त्या, एसटीच्या मोजक्या गाड्या. पिशवीत ब्रेल पाटी आणि तिची बोथट टोकाची लेखणी, जाड कागद, पॉलिश पेपरची कापलेली अक्षरं, चिंचोके, अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा आणि बाजरीच्या पिठाचा डबा. एका कंडक्टरने तिकीट देता देता विचारलं होतं, "मॅडम, दुकान का दवाखाना?" मी म्हटलं, शाळा. त्याचा विश्वास बसला नाही.

अंड्यांचा ट्रे ब्रेलसाठी. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन खळगे. डावीकडचे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडचे 4, 5, 6. पहिल्या खळग्यात चिंचोका ठेवला की अ. पहिल्या आणि तिसऱ्यात ठेवला की क. पहिला, दुसरा, तिसरा भरला की ल. मोठ्या ट्रेवर घरं पाठ झाली की मग कागद, जिथे ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच असतो आणि अख्खं अक्षर बोटाच्या एका पेराखाली मावतं.

आता ब्रेलमध्ये 'किती' असा: क, इ, त, ई. चार घरं, बोलतो त्या क्रमाने. काना, मात्रा, वेलांटी, उकार अशी वेगळी चिन्हं तिथे नाहीत. 'का' म्हणजे क आणि त्याच्या मागे आ. 'सूर्य'मध्ये र आपल्या जागी, य च्या अगोदरच येतो. त्याच्याही आधी चौथा ठिपका एकटा उभा असतो, पुढच्या अक्षराचा पाय मोडलाय हे सांगायला. 'प्रकाश'मध्ये हाच एकटा ठिपका प च्या आधी. र कुठेही गेला तरी 1, 2, 3, 5. त्याला ना डोक्यावर चढावं लागतं ना कुणाच्या पायाशी जावं लागतं. कानाने ऐकलेली मराठी आणि बोटाखालची मराठी यांच्यात इथे फारच थोडं अंतर आहे, आणि डोळस मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासून वैतागले की मला या सरळपणाचा चक्क हेवा वाटतो.

ज्या मुलीला मी हे शिकवलं तिला जन्मापासून दिसत नाही. दुसरीत असताना ती माझ्याकडे आली तेव्हा तिची पूर्वतयारी आजीने करून ठेवली होती, अर्थात आजीला त्याचा पत्ता नव्हता. नात एका जागी बसावी म्हणून आजी तिच्यापुढे सूप ठेवायची आणि मटकीत मिसळलेले हुलगे, बारीक खडे निवडायला लावायची. ब्रेल शिकवायच्या आधी बोटांना जे महिनोन् महिने करायला लावतात, खरखरीत आणि गुळगुळीत, लहान आणि किंचित लहान यांतला फरक ओळखणं, ते सगळं त्या सुपात होऊन गेलं होतं. तरी पहिले काही दिवस ती ठिपके दाबायची, घासायची. नवीन बोट असंच करतं. दाबलं की ठिपका कळत नाही, नुसता कागद कळतो. उजवं बोट ओळीवरून हलकं पुढे सरकायला हवं आणि डाव्याने ओळीची सुरुवात धरून ठेवायला हवी, नाहीतर परतताना ओळ हरवते. "घासू नकोस, नुसती जा," असं मी सांगत राहायचे, आणि ती म्हणायची, "बाई, नुसती गेली तर कळंल कसं?" प्रश्न रास्त होता. उत्तर बोटालाच सापडावं लागतं.

ब्रेलचा सरळपणा वाचण्यापुरता. लिहायला बसलं की खरी गंमत. पाटीत कागद अडकवून लेखणीने मागच्या बाजूने ठिपके टोचायचे, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि वाचायचं पान उलटून डावीकडून उजवीकडे. म्हणजे प्रत्येक अक्षर उलट्या बाजूने माहीत हवं. आता इ म्हणजे 2 आणि 4. ए म्हणजे 1 आणि 5. एक तिरकी जोडी इकडे झुकलेली, एक तिकडे. मागून टोचलेला इ हा पुढून वाचलेल्या ए सारखाच लागतो. ती 'एक' लिहायची आणि पान उलटलं की 'इक' निघायचं. आमच्या भागात विकायला इकणं म्हणतात, त्यामुळे वर्गात हशा. द, ह आणि ज यांचंही असंच: वरच्या चार ठिपक्यांच्या चौकोनातले तीन-तीन ठिपके, फक्त गाळलेला कोपरा वेगळा. घ-ध चा घोळ फक्त डोळ्यांचा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा डोळे मिटून द-ह-ज वाचावेत.

लुई ब्रेल 1809 साली पॅरिसजवळच्या कूव्रे गावात जन्मला. वडील घोड्यांचं चामडी सामान करायचे. तीन वर्षांचा असताना त्यांच्याच आरीने त्याचा एक डोळा गेला आणि मग संसर्गाने दुसराही. पुढे अंधांच्या शाळेत त्याला शार्ल बार्बिए या फौजी माणसाची बारा ठिपक्यांची लिपी मिळाली. ती उच्चारांवर चालायची, पण बारा ठिपके एका बोटाखाली मावत नाहीत. बोट वर-खाली फिरवावं लागतं आणि तोवर शब्द निसटतो. पंधराव्या वर्षी ब्रेलने ते सहावर आणले. माझ्या मते त्याची खरी करामत या वजाबाकीत आहे. डोळस माणसाने केलेल्या लिपीला एका न दिसणाऱ्या मुलाने स्वतःच्या बोटाचं माप लावलं. आपल्याकडे वेगवेगळ्या भाषांसाठी वेगवेगळे ब्रेल संकेत होते. 1951 साली भारती ब्रेल ठरलं आणि मराठीचा, बंगालीचा, तमिळचा क एकच झाला, 1 आणि 3. इंग्रजीतला के सुद्धा तोच. पुढे इंग्रजी सुरू झालं तेव्हा ही मुलगी म्हणाली, "हे तर येतंय की मला." वर्गातली बाकीची पोरं तेव्हा के आणि एच मध्ये अडकली होती.

इथे एक विषयांतर करते. मध्यंतरी शहरांमधून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग निघाले होते; मेंदूचा मधला भाग जागा करतो म्हणायचे आणि भरपूर फी घ्यायचे. नाकाशेजारच्या फटीतून खाली बघितलं की पट्टीआडूनही दिसतं, एवढंच त्यातलं शास्त्र. या मुलीच्या काकांनी मला विचारलं होतं, हिला तिथे घालू का? मी त्यांना तिचं पुस्तक दिलं, दिवा घालवला आणि तिला वाचायला सांगितलं.

दुसरा मुलगा चौथीतला. डोळे तीक्ष्ण, बोलणं मोठ्या माणसाचं, विहिरीवरची मोटर कुठे एअर धरते ते बापाच्या आधी सांगणारा. पण 'घर'चं 'धर' वाचायचा आणि 'भात'चं 'मात'. शाळेत त्याला आळशी ठरवून झालं होतं, डोळे तपासून झाले होते, देवऋषीही झाला होता. अध्ययन अक्षमता हा शब्द कायद्याने उशिरा ऐकला. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात तो नव्हता, 2016 च्या कायद्याने मानलेल्या 21 प्रकारांत तो आला. गावातल्या माणसाला तो सांगणं त्याहून अवघड. पोरगं दिसायला धडधाकट, मग अक्षम कसलं?

भ आणि म, ध आणि घ यांच्यात फरक तो केवढा. भ आणि ध यांना डावीकडे वर एक गाठ असते आणि तिथे शिरोरेषा तुटते; म आणि घ वर ती सलग जाते. आता आपण पोरांना लिहायला कसं शिकवतो? आधी सगळी अक्षरं काढायची आणि शेवटी पट्टीने ओढल्यासारखी एक रेघ अख्ख्या शब्दावर मारायची. त्या एका फटकाऱ्यात भ चा म होतो. ज्याला आकार सहज लक्षात राहतात त्याचं यात काही बिघडत नाही. या मुलाचं सगळंच बिघडत होतं. म्हणून त्याची शिरोरेषा मी बंद केली. परातीत बाजरीचं पीठ पसरलं आणि त्यात पंजाएवढा भ काढायला लावला, गाठीपासून सुरुवात करून, आणि काढत असतानाच मोठ्याने 'भ' म्हणायला लावलं. हात हलतोय, बोटाला पीठ लागतंय, तोंडाने आवाज काढलाय आणि तोच कानावर पडतोय. मग पॉलिश पेपरचा भ, मग जमिनीवर खडूने, मग हवेत, सगळ्यात शेवटी वहीत. वहीत आला तेव्हा तो भ दिसायला बेढब होता, पण म नव्हता.

मोठ्या माणसांना हे बघितलं की धूळपाटी आठवते. पूर्वी पंतोजींच्या शाळेत फळीवर धूळ किंवा विटेची पूड पसरून तीत अक्षरं गिरवायला लावत. एक निवृत्त गुरुजी मला अभिमानाने म्हणाले, "बघा, आपल्याकडे सगळं होतंच." होतं खरं. पण धूळ होती ती कागद महाग म्हणून, आणि जो पोरगा तीत चुकायचा त्याच्यासाठी वेताची छडी होती. अक्षर बोटाने शिकता येतं हे त्यांना माहीत होतं. ज्याला ते येत नाही त्याच्यापाशी थांबायचं असतं, हे त्या शाळेने कुठे लिहून ठेवल्याचं मला आढळलेलं नाही.

पॉलिश पेपरच्या अक्षरांचा उगम मात्र थांबण्यातच आहे. मारिया माँटेसरी 1900 च्या सुमारास रोममध्ये मतिमंद ठरवलेल्या मुलांना शिकवत होत्या. त्यांच्यासाठी त्यांनी लाकडाची अक्षरं करवून घेतली, मुलं त्यांवरून बोट फिरवायची. त्यांतली काही मुलं सर्वसाधारण शाळेच्या परीक्षेत बाकीच्यांच्या बरोबरीने पास झाली, तेव्हा लोक या मुलांचं कौतुक करत होते आणि माँटेसरी मात्र विचार करत होत्या की मग धडधाकट मुलांचं एवढं अडलंय कुठे. 1907 साली सान लोरेंझोच्या गरीब वस्तीत बालगृह निघालं तेव्हा तशी लाकडी अक्षरं करून मिळेनात, म्हणून खरखरीत कागदाची कापली. याआधी त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचं लिखाण इटालियनमध्ये उतरवून स्वतःच्या हाताने नकलून काढलं होतं, मुद्दाम, प्रत्येक शब्दाचं वजन कळावं म्हणून. हे वाचल्यापासून मला त्यांच्याबद्दल फार जवळीक वाटते. ज्या बाईने पुढे अख्ख्या जगाला अक्षरं गिरवायला लावली, तिने आधी दोन पुस्तकं गिरवली. पुढे गिजुभाई आणि ताराबाई मोडक यांच्या हातून हा विचार आपल्याकडे रुजला, बोर्डी-कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी त्याला शिंपले, बिया, पानं, खडे यांचं रूप दिलं, आणि आज कुठल्याही बालवाडीत खरखरीत अक्षर दिसतं. ते आलं कुठून हे तिथल्या ताईंना सहसा माहीत नसतं. ज्यांना शिकवता येणार नाही म्हणून सोडून दिलं होतं, त्या मुलांसाठी ते निघालं.

पिठात जादू नाही, हेही सांगायला हवं. हल्ली प्रशिक्षणात सांगतात की एक मूल डोळ्यांनी शिकतं, एक कानांनी, एक हातांनी; त्याची शैली ओळखा आणि तसंच शिकवा. ऐकायला छान. पण अशी शैली जुळवून शिकवल्याने जास्त शिकणं होतं, याला तपासण्यांत फारसा पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी 1930 च्या दशकात वाचताना अडणाऱ्या मुलांसाठी जी पद्धत बसवली तीत हात, डोळे, कान एकदम कामाला लावतात, आणि त्याच्या जोडीला आवाज आणि अक्षर यांचं नातं एकेक करून, क्रमाने, काहीही गृहीत न धरता उलगडतात. हा दुसरा भाग लोक विसरतात आणि नुसती वाळू आणून ठेवतात. मुकाट्याने पिठात भ काढणारं मूल पिठात खेळतं, एवढंच.

ऐकू न येणाऱ्या मुलाला यातलं अर्धं उपयोगाचं नाही. त्याला बाराखडीचा तालच नाही. 'रामने आंबा खाल्ला' यातल्या 'ने'ला हाताच्या खुणांत जागा नसते, त्यामुळे तो लिहितो, 'राम आंबा खा', आणि वर्ग हसतो. त्याच्या भाषेत ते वाक्य पुरं झालेलं आहे. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश 2021 पर्यंत तयार झाला, पण आमच्या वस्तीवर त्या भाषेत बोलणारा तो एकटाच आहे. कोश असला तरी बोलायचं कुणाशी?

मोटरवाला मुलगा 'वाचू' लागला तो मला दाखवून नव्हे. शाळेच्या तक्त्यात त्याच्यापुढे अजून 'शब्द स्तर' असंच लिहिलेलं होतं. एका सकाळी त्याच्या वडिलांनी सांगितलं की शेतीच्या विजेचं वेळापत्रक फोनवर येतं ते आता पोरगंच वाचतंय. या आठवड्यात लाइट रात्रीची का दिवसाची, किती वाजता येणार, किती वाजता जाणार. त्या निरोपात 'उपकेंद्र', 'थ्री फेज', 'पुरवठा' असले शब्द होते, एकही त्याच्या पुस्तकातला नाही. क कमळाचा शिकवताना मला नेहमी प्रश्न पडतो की आमच्याकडे कमळ कुणी पाहिलंय. त्याचा क तर उपकेंद्रातला निघाला.

वर इतारचं नाव आलं. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतला हा तरुण डॉक्टर. 1800 साली आवेरों भागातल्या रानात सापडलेला, न बोलणारा मुलगा त्याच्याकडे होता. पुढे त्याचं नाव व्हिक्तोर ठेवलं. इतारने त्याला सुटी अक्षरं देऊन दूध या अर्थाचा चार अक्षरी फ्रेंच शब्द जुळवायला शिकवला. काही दिवसांनी एका ओळखीच्या घरी, जिथे त्याला दूध मिळायचं, तिथे जाताना पोराने आपण होऊन ती चार अक्षरं खिशात घातली आणि तिथे पोचल्यावर टेबलावर मांडली. व्हिक्तोर पुढे फारसं बोलला नाही आणि इतारने स्वतःचे प्रयत्न फसले असं मानलं. मला त्या खिशाचं अप्रूप आहे. साक्षरतेची यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही: अक्षरं कुणी न सांगता घराबाहेर नेली का?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या ज्या मुलीच्या घरी मी जाते तिला खिशात हात घालता येत नाही. हात तिचं ऐकत नाहीत, जीभही नाही. डोळे ऐकतात. म्हणून पारदर्शक प्लास्टिकची एक पाटी आहे, तिच्या कोपऱ्यांत शब्द चिकटवायचे, पाटी दोघींच्या मध्ये धरायची आणि पलीकडून तिची नजर कुठे जाते ते बघायचं. अक्षरांसाठी आपली वर्णमाला इथे फार कामाला येते. कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग. पाच ओळी, प्रत्येकीत पाच. पहिली नजर ओळीसाठी, दुसरी त्या ओळीतल्या जागेसाठी. दोन नजरांत पंचवीस व्यंजनांपैकी हवं ते. एक नियम मात्र कडक: तिला कुणी धरायचं नाही, मान वळवायची नाही, हात टेकवायचा नाही. हात धरून लिहून घेण्याची एक पद्धत परदेशात बरीच गाजली होती. 1990 च्या दशकात तपासलं तेव्हा शब्द मुलांचे नव्हते, हात धरणाऱ्यांचे होते. माया असलेल्या माणसाकडूनच ते होतं, नकळत. म्हणून प्रत्येक शब्दानंतर मी विचारते, "हेच का?" हो असेल तर ती डोळे मिटते.

कोपऱ्यांत कोणते शब्द लावायचे यावर घरात भांडण झालं. आईला पाणी, भूक, शू आणि दुखतंय हवे होते. आजीला देवबाप्पा. असल्या तयार छापील तक्त्यांत बहुधा मागण्याच असतात. नकार देण्याची सोय कुणाला सुचत नाही. मी 'नको' लावायचा हट्ट धरला आणि आई म्हणाली, "मॅडम, मग ती जेवायलाच नको म्हणंल." म्हणालीच ती, दोन दिवस, दर घासाला. मग कंटाळली. तिच्या धाकट्या भावाने एक शब्द स्वतः लिहून आणला, चुकीच्या वेलांटीसकट काहीतरी असेल म्हणून मी बघितलं, तर बरोबर होतं: 'गप बस'. आईने डोळे वटारले. मुलीला विचारलं, ठेवू का? तिने डोळे इतके घट्ट मिटले की चेहरा आवळला.

गेल्या महिन्यात तपासणीला एक साहेब आले होते. भले गृहस्थ. ते तिच्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसले आणि योजना, अनुदान, प्रमाणपत्राचं नूतनीकरण, त्यांच्या काळातल्या शाळा, सगळ्यावर सविस्तर बोलत राहिले, तिच्याकडे बघून पण मोठ्याने, जणू तिला ऐकू येत नाही. मी पाटी धरली. तिची नजर खालच्या उजव्या कोपऱ्यात गेली. भाऊ आनंदाने ओरडला, "गप बस म्हणली!" आजीने त्याला चिमटा काढला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नियमाप्रमाणे मी मुलीला विचारलं, "हेच का?" तिने डोळे मिटले. साहेब म्हणाले, "परत एकदा विचारा बरं." मी परत विचारलं.